मुंबई दूरदर्शन आणि सह्याद्री ही एकच गोष्ट नाही

‘गजरा’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो कुणीतरी टाकतं आणि खाली लिहितं, “सह्याद्रीवरचे ते दिवस”. ‘चिमणराव’ मालिकेतल्या चिमणराव-गुंड्याभाऊचा फोटो आला की पुन्हा तेच. २०२२ मध्ये मुंबई दूरदर्शनला पन्नास वर्षं झाली तेव्हा तर “सह्याद्रीची पन्नाशी” असं इतक्या ठिकाणी वाचलं की खरंच वाईट वाटलं. अहो, ‘चिमणराव’ सत्तरच्या दशकातलं आणि सह्याद्री हे नाव आलं २००० साली, मधे वीस वर्षं गेलीत!

सह्याद्री म्हणजे काय ते सांगत बसत नाही, ती सगळ्यांना माहितीय. दूरदर्शनची मराठी वाहिनी, केबलला दिसते, फ्री डिशला दिसते. १५ ऑगस्ट १९९४ ला उपग्रहावरून सुरू झाली तेव्हा तिला डीडी १० म्हणायचे, सह्याद्री हे बारसं नंतरचं. बस.

घोळ होतो तो मुंबई दूरदर्शनचा. ते केंद्र आहे, वाहिनी नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं टीव्ही केंद्र. केंद्र म्हणजे स्टुडिओ, कॅमेरे, निर्माते, बातम्यांचा विभाग, मेकअप रूम आणि आवारातला तो उंचच्या उंच टॉवर. विहीर आणि पाट यात जो फरक आहे ना, तोच इथे आहे. पाणी विहिरीत लागतं, पाट फक्त ते शेतापर्यंत नेतो, आणि एका विहिरीचं पाणी तुम्ही दोन-तीन पाटांत सोडू शकता.

आता हे नीट बघा, कारण सगळी गडबड इथेच होते. १९७२ पासून पहिली दहा वर्षं मुंबई केंद्र जवळजवळ स्वतःच्या मर्जीचं होतं. संध्याकाळी काय लावायचं ते वरळीत ठरायचं, पुण्याला तेच सिंहगडावरच्या टॉवरवरून रिले व्हायचं. आणि ते सगळं मराठी नव्हतं हो! तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ मुंबई केंद्राचंच, ‘छायागीत’ मुंबईचं, गुजराती कार्यक्रमसुद्धा तिथूनच व्हायचे. म्हणजे “मुंबई दूरदर्शन म्हणजे जुनी सह्याद्री” म्हणताना आपण हे सगळे हिंदी-गुजराती कार्यक्रम आणि ते करणारी माणसं सरळ पुसून टाकतो. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

मग १९८२ साल आलं. रंगीत टीव्ही, एशियाड, इन्सॅट उपग्रह आणि दिल्लीहून सगळ्या देशाला एकाच वेळी दाखवायचा राष्ट्रीय कार्यक्रम. तिथून मुंबई केंद्र एका मोठ्या जाळ्याचा भाग झालं. संध्याकाळचे काही तास मुंबईचे, रात्री दिल्ली. आमच्या घरी हे डोळ्यांना दिसायचं. मराठी कार्यक्रम संपला की पडदा सेकंद-दोन सेकंद काळा व्हायचा, मधेच एक खर्रर्र यायची आणि मग दिल्लीचं चित्र, जरा वेगळ्या उजेडाचं. आजी म्हणायची, “आली गं दिल्ली,” आणि उठून पानं घ्यायला जायची. तिला केंद्र आणि नेटवर्क हे शब्द माहीत नव्हते, पण फरक बरोब्बर कळत होता. चॅनल तेच, बटण कुणी फिरवलेलं नाही, मागचं केंद्र बदललं.

१९९४ नंतर तर एकाच केंद्रातलं पाणी दोन पाटांनी जायला लागलं. केबलवाल्याकडे वेगळी मराठी वाहिनी, आणि छपरावर अँटेना असलेल्या घरात डीडी वनवरच, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्य वाहिनीवरच, संध्याकाळी मराठीचे तास. त्यामुळे दोन घरांतली माणसं एकच कार्यक्रम आठवतात, एक म्हणतो सह्याद्रीवर बघितला, दुसरा म्हणतो आमच्याकडे सह्याद्री नव्हतीच, साध्या दूरदर्शनवर बघितला, आणि दोघं तावातावाने भांडतात. दोघंही बरोबर असतात! त्यात प्रदीप भिडेंसारखा आवाज दोन्ही काळांत बातम्या देत राहिला, इमारतही तीच, मग लोकांच्या डोक्यात सगळं एक झालं यात नवल नाही. पण स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे बातम्या द्यायच्या त्या मुंबई केंद्रावर, तिथे कृपा करून सह्याद्री लिहू नका.

उलट बाजूनेही तेच. सह्याद्रीवर जे दिसतं ते सगळं वरळीत होत नाही, नागपूर केंद्राचे, पुणे केंद्राचे कार्यक्रमही त्याच वाहिनीवर येतात. विदर्भातली माणसं नागपूर केंद्राचं नाव काढतात तेव्हा “म्हणजे सह्याद्रीच ना” असं म्हणून त्यांना गप्प करू नये.

डीडी मेट्रो या वाहिनीचा गोंधळ किरकोळ आहे, एका ओळीत सांगतो. मुंबईत ऐंशीच्या दशकात दुसरं चॅनल आलं, १९९३ मध्ये ते बाकी महानगरांच्या दुसऱ्या चॅनलांशी जोडून मेट्रो झालं, २००३ मध्ये मेट्रोच्या जागी डीडी न्यूज आलं. सह्याद्रीशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक हे पटकन समजतात, कारण तिकडे स्टेशन (म्हणजे आपलं केंद्र) आणि नेटवर्क (म्हणजे जाळं) वेगळं असतं हे त्यांनी बघितलेलं असतं. अटलांटाचं पाच नंबरचं स्टेशन, डब्ल्यूएजीए, डिसेंबर १९९४ मध्ये सीबीएस हे नेटवर्क सोडून फॉक्स या नेटवर्ककडे गेलं. आकडा तोच, स्टेशन तेच, रात्रीच्या मालिका मात्र दुसऱ्या नेटवर्कच्या. आपल्याकडे फरक एवढाच की केंद्राला असं नेटवर्क बदलता येत नाही, केंद्रही दूरदर्शनचं आणि जाळंही दूरदर्शनचंच, बदलत गेली ती फक्त दोघांतली वाटणी.

तेव्हा जुना फोटो टाकताना साल बघा. १९९४ च्या आधीचा असेल तर मुंबई दूरदर्शन लिहा, १९९४ ते २००० मधला असेल तर दूरदर्शनची मराठी वाहिनी लिहा, त्यानंतरचा असेल तर खुशाल सह्याद्री. आणि निर्मात्याचं नाव माहीत असेल तर तेही लिहा, त्या फोटोंखाली ते जवळजवळ कधीच नसतं.