नेता जन्मावाच लागतो का?

‘नेता जन्मावा लागतो, घडवता येत नाही’ हे बढतीच्या बैठकांत हमखास ऐकू येणारे विधान अभ्यासाच्या कसोटीवर टिकत नाही. अमेरिकी अभ्यासक राल्फ स्टॉगडिल यांनी १९०४ ते १९४७ या काळातील १२४ अभ्यास तपासून १९४८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात बुद्धी, जबाबदारीची जाण, सहभाग हे गुण नेत्यांमध्ये सरासरीने अधिक आढळले. मात्र कोणता गुण उपयोगी पडेल, हे परिस्थितीनुसार बदलत होते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील जुळ्या पुरुषांच्या २००६ मधील अभ्यासात, नेतृत्वपदे मिळण्यात माणसामाणसांत जो फरक असतो त्यातील सुमारे ३० टक्के भाग अनुवंशाशी निगडित दिसला; उरलेला बहुतांश परिस्थिती आणि अनुभवाचा. म्हणून अबोल कर्मचारी जन्मजात नेता नाही असे मानून त्याला आधीच बाजूला सारणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडे एखादे लहान काम पूर्ण अधिकारासह सोपवावे आणि ते झाल्यावर स्पष्ट अभिप्राय द्यावा.