तीन सामन्यांचे यजमान : डेक्कन चार्जर्स आणि नागपूर

नागपुरात आजवर आयपीएलचे तीनच सामने झाले. तेही एप्रिल २०१० मध्ये, आठ दिवसांच्या आत. तिन्ही सामन्यांत यजमान म्हणून उतरला तो डेक्कन चार्जर्स, म्हणजे हैदराबादचा संघ आणि तेव्हाचा गतविजेता. आपल्या नागपुरात जामठ्यासारखे क्रिकेटचे मैदान असून आयपीएलचा संघ का नाही, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, ‘होता ना, चार्जर्स होता.’ तो होता भाडेकरू. पण भाडेकरू का व्हावे लागले, त्याआधी तो तळाला आणि मग थेट शिखरावर कसा गेला आणि नागपूरनंतर दोनच वर्षांत नावासकट कसा पुसला गेला, ही गोष्ट आयपीएलच्या इतिहासातली सर्वांत चमत्कारिक आहे.

२४ जानेवारी २००८ रोजी मुंबईत आठ शहरांचे संघ विकले गेले. हैदराबाद घेतले ‘डेक्कन क्रॉनिकल’ या इंग्रजी दैनिकाच्या कंपनीने, १० कोटी ७० लाख डॉलरला. मुंबई आणि बंगळूर सोडले तर सर्वांत महागडा संघ हाच. चेन्नई, कोलकाता, दिल्ली त्याहून स्वस्तात गेले. ही रक्कम दहा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायची होती. म्हणजे दर वर्षी १ कोटी ७ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ४२ कोटी रुपये. त्यावर खेळाडूंचे मानधन, प्रवास, मुक्काम. जमेच्या बाजूला प्रक्षेपण हक्कांतला वाटा, जर्सीवरच्या जाहिराती आणि घरच्या सामन्यांची तिकीटविक्री. यातली शेवटची बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

खेळाडूंच्या लिलावात मालकांनी हात आखडला नाही. अँड्र्यू सायमंड्सला साडेतेरा लाख डॉलर दिले, त्याच्याहून जास्त फक्त धोनीला मिळाले. जोडीला गिलख्रिस्ट, गिब्ज, आफ्रिदी, आर. पी. सिंग आणि वीस वर्षांचा रोहित शर्मा. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने ‘आयकॉन’ दर्जा नाकारला, कारण आयकॉन खेळाडूला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त द्यावे लागत. ते पैसे संघबांधणीला उरावेत एवढाच हेतू. एवढे करूनही पहिल्या वर्षी चौदांपैकी फक्त दोन विजय आणि शेवटचा क्रमांक. हैदराबादमधले सातच्या सात सामने हरले.

त्या सातांपैकी एक सामना अजून सांगण्यासारखा. २४ एप्रिलला राजस्थानविरुद्ध सायमंड्सने ५३ चेंडूंत नाबाद ११७ फटकावल्या, धावफलकावर २१४ लागल्या. पाठलागात शेवटच्या षटकात राजस्थानला १७ हव्या होत्या आणि चेंडू दिला गेला सायमंड्सकडेच. समोर शेन वॉर्न, ज्याला फलंदाज म्हणून कुणी मोजत नव्हते. त्याने एक चौकार आणि दोन षटकार मारून एक चेंडू राखत सामना संपवला. शतक ठोकणाऱ्याच्याच हातून सामना निसटावा, यावरून त्या मोसमातल्या चार्जर्सचे नशीब कळते.

पुढच्या वर्षी लोकसभा निवडणुकांमुळे पूर्ण स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. कुणाचेच घर नाही, सगळेच पाहुणे. घरात एकही सामना न जिंकलेल्या संघाला हे फारच मानवले. कर्णधार गिलख्रिस्ट झाला, प्रशिक्षक म्हणून डॅरन लेहमन आला, जर्सीचा रंगही बदलला. साखळीत चौदांपैकी सात विजय मिळवून संघ कसाबसा चौथा आला. त्यातलाही एक कोलकात्याविरुद्धचा विजय अक्षरशः ओढून आणलेला: शेवटच्या षटकात २१ हव्या असताना रोहितने मशरफी मोर्तझाला झोडपून काढले. याच मोसमात रोहितने मुंबई इंडियन्सविरुद्ध हॅटट्रिकही घेतली. गोलंदाज म्हणून, हे मुद्दाम सांगावे लागते.

उपांत्य फेरीत गाठ पडली साखळीत पहिल्या आलेल्या दिल्लीशी. दिल्लीच्या १५३ धावांना गिलख्रिस्टने एकट्याने निकालात काढले: ३५ चेंडूंत ८५, त्यातले अर्धशतक १७ चेंडूंत. अंतिम सामन्यात मात्र अनिल कुंबळेने पहिल्याच षटकात त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला. गिब्जने एक बाजू लावून धरत नाबाद ५३ केल्या आणि संघ १४३ वर पोहोचला. बंगळूरला शेवटच्या षटकात १५ हव्या होत्या. आर. पी. सिंगने आठच दिल्या. सहा धावांनी विजेतेपद! आर. पी. त्या मोसमात २३ बळी घेऊन सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला, तर गिलख्रिस्ट स्पर्धेचा मानकरी. आदल्या वर्षीचा शेवटचा संघ दुसऱ्या वर्षी पहिला.

विजेता संघ २०१० मध्ये चषक घेऊन घरी खेळणार, ही सरळ गोष्ट होती. पण २००९ सरता सरता के. चंद्रशेखर राव वेगळ्या तेलंगणा राज्यासाठी उपोषणाला बसले, ९ डिसेंबरच्या रात्री केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी तेलंगणाची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली आणि दोन आठवड्यांत केंद्राने पाऊल मागे घेतले. आधी आंध्र पेटला, मग तेलंगणा. हैदराबाद तेलंगणात, तर पर्यायी मैदान विशाखापट्टणम आंध्रात; दोन्हीकडे सामने घेणे धोक्याचे. शेवटी चार्जर्सचे घरचे सात सामने वाटले गेले: तीन नागपूरला, दोन कटकला, दोन नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर.

आपल्यासाठी यातला विनोद वेगळाच. स्वतंत्र राज्याच्या आंदोलनामुळे घराबाहेर पडलेला संघ आसऱ्याला आला तो स्वतंत्र राज्याची मागणी पन्नासहून अधिक वर्षे करणाऱ्या शहरात. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि तेलंगणाची घोषणा होताच इथेही तो सूर पुन्हा चढला होता. पण विदर्भाचे आंदोलन कधी क्रिकेटचा सामना रद्द करण्याइतके तापलेले नाही. ते चांगले की वाईट, हे ज्याने त्याने ठरवावे.

भारतीय क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षपद तेव्हा नागपूरच्याच शशांक मनोहरांकडे होते. सामने त्यामुळे इकडे आले, असे कुणी म्हटले तर नवल नाही, पण जामठ्याचे मैदान स्वतःच्या बळावरही उभे होते. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, सौरव गांगुलीची शेवटची. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथेच हाशिम आमलाने नाबाद २५३ केल्या आणि डेल स्टेनने एका डावात सात बळी घेऊन भारताला डावाने हरवले. म्हणजे आयपीएल येण्याच्या दोनच महिने आधी मैदान मोठ्या सामन्याला कसाला लागलेले होते. शिवाय जामठा आहे वर्धा रोडवर, आणि हाच रस्ता पुढे हिंगणघाट, आदिलाबाद करत पाचएकशे किलोमीटरवर हैदराबादला पोहोचतो. नकाशावर तरी हे शेजारचे घर होते.

पहिला सामना ५ एप्रिलला, राजस्थानशी. चार्जर्स तोवर सलग चार हरून आलेले. राजस्थानच्या १५९ धावा फार नव्हत्या, पण वॉर्नने चार बळी घेतले आणि चार्जर्स दोन धावांनी कमी पडले. सलग पाचवा पराभव, गतविजेत्यांचा मोसम संपल्यात जमा. आणि मग गाडी वळली. ८ तारखेला बंगळुरात विजय, १० तारखेला जामठ्यावर धोनीच्या चेन्नईला सहा गडी राखून हरवले, १२ तारखेला तिथेच बंगळूरला १३ धावांनी. पुढे धरमशाला आणि दिल्ली. सलग पाच पराभवांनंतर सलग पाच विजय, आणि संघ उपांत्य फेरीत.

या वळणाचे श्रेय नागपूरला द्यायचा मोह होतो. मला ते पटत नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात, मेट्रो नसण्याच्या काळात, वर्धा रोडच्या रांगेत गाड्या लावून जे जामठ्याला गेले ते धोनीला, वॉर्नला, द्रविडला, गिलख्रिस्टला बघायला गेले. चार्जर्स जिंकावेत म्हणून घसा कोरडा करणारे त्यात किती असतील? संघाशी नाते जुळायला एखादा आपला माणूस लागतो. रोहित शर्माचा जन्म नागपूरच्या बनसोडचा, पण वाढला बोरिवलीत, आणि त्याला ‘नागपूरकर’ म्हणायची रीत पुढे तो भारताचा कर्णधार झाल्यावर पडली. विदर्भाचे ओळखीचे चेहरे तर दुसऱ्याच जर्सीत होते. फैज फजल राजस्थानकडे, खापरखेड्याच्या कोळसा खाणीजवळ वाढलेला उमेश यादव दिल्लीकडे. उमेशचे नाव त्याच उन्हाळ्यात देशभर झाले आणि मे महिन्याच्या अखेरीस तो भारताकडून खेळलाही.

उपांत्य सामन्यात चेन्नईच्या डग बोलिंजरने चार्जर्सचा निकाल लावला, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ते ८२ धावांत आटोपले. पण त्या वर्षीचे खरे नुकसान धावफलकावर दिसणारे नव्हते. घरच्या सामन्यांची तिकीटविक्री, स्थानिक जाहिरातदार, शहराशी जुळणारे नाते हे सगळे विजेतेपदानंतरच्या वर्षी वसूल करायचे असते. ते वर्ष तीन शहरांच्या वाटण्यात गेले.

२०११ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाला चार खेळाडू राखता येत होते. चार्जर्सने एकही राखला नाही. गिलख्रिस्ट पंजाबकडे गेला, रोहित आणि सायमंड्स मुंबईकडे. मुंबईने रोहितसाठी २० लाख डॉलर मोजले आणि पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली पाच विजेतेपदे मिळवली. माझ्या मते आयपीएलमधल्या सर्वांत महागड्या चुकांमध्ये ही मोजावी लागेल. चार्जर्सकडे संगकारा, स्टेन, ड्युमिनी, कॅमेरॉन व्हाइट, इशांत शर्मा आले. कागदावर वाईट संघ नव्हता. दहांत सातवा आला. २०१२ मध्ये सोळा सामन्यांत चारच विजय, नऊ संघांत आठवा. संगकाराने तर मध्येच स्वतःला वगळून घेतले.

तोवर मालक कंपनी कर्जात बुडाली होती. बँकांचे हप्ते थकले, खेळाडूंचे मानधन थकले. २० मे २०१२ रोजी हैदराबादमध्ये बंगळूरविरुद्ध स्टेनने तीन बळी घेऊन नऊ धावांनी सामना जिंकून दिला आणि त्या निकालाने बंगळूर बाहेर पडून चेन्नईला बाद फेरीचे दार उघडले. चार्जर्सचा तो शेवटचा सामना. जिंकलेला, आणि घरचा.

सप्टेंबरमध्ये कंपनीने संघ लिलावाला काढला. बोली एकच आली, पीव्हीपी व्हेंचर्सची, ९०० कोटींची. कंपनीने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डाने करार संपवला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, १०० कोटींची बँक हमी द्यायचे ठरले. मुंबईच्या एका बांधकाम कंपनीला संघ विकल्याचेही जाहीर झाले, पण हमी काही आली नाही. २५ ऑक्टोबरला बोर्डाने हैदराबादची जागा सन टीव्हीला दिली, वर्षाला ८५ कोटी ५ लाख रुपयांवर. जुन्या मालकाने २००८ मध्ये कबूल केलेल्या हप्त्याच्या जवळपास दुप्पट! म्हणजे हैदराबादच्या संघाला बाजारात किंमत होती, पैसा नव्हता तो त्याच्या मालकाकडे. म्हणूनच चार्जर्स खराब खेळामुळे संपले, हे म्हणणे मला अर्धवट वाटते. २००८ मध्ये ते याहून खराब खेळले होते.

नवा संघ सनरायझर्स हैदराबाद. शहर तेच, मैदान तेच, पण कागदोपत्री जुन्याचा वारस नाही. त्यामुळे २००९ चा चषक त्याच्या खात्यात धरत नाहीत. त्याने स्वतःचा मिळवला २०१६ मध्ये, डेव्हिड वॉर्नरच्या नेतृत्वाखाली, तोही अंतिम सामन्यात बंगळूरलाच आठ धावांनी हरवून. पुढे त्यालाही चढउतार चुकले नाहीत: २०१८ मध्ये अंतिम फेरी, २०२१ मध्ये शेवटचा क्रमांक आणि वॉर्नरची गच्छंती, २०२४ मध्ये २८७ धावांचा विक्रम आणि त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात ११३ मध्ये सर्वबाद.

जुन्या संघाचे भांडण मात्र चालूच राहिले. जुलै २०२० मध्ये लवादाने करार बेकायदा संपवल्याचे ठरवून बोर्डाने सुमारे ४,८०० कोटी द्यावेत, असा निवाडा दिला. मैदानातून आठ वर्षांपूर्वी गेलेला संघ एकदम क्रिकेटमधला सर्वांत महागडा दावेदार झाला. जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा जवळजवळ पूर्ण रद्द केला.

नागपूरला पुन्हा संधी येता येता गेली ती २०१६ मध्ये. पंजाबने काही घरचे सामने जामठ्यावर घ्यायचे ठरवले होते. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होते. मैदानांच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायचा आदेश झाला. नागपूरचे सामनेही त्यात गेले. मुंबईनंतर राज्याला दुसरा संघ मिळाला होता तो पुण्याच्या नावाने, २१ मार्च २०१० रोजी, जामठ्यावर चार्जर्स उतरण्याच्या पंधरा दिवस आधी, ३७ कोटी डॉलरला. तीन मोसमांत तोही बंद पडला. २०२१ मध्ये दोन नवे संघ विकले तेव्हा लखनऊ ७,०९० कोटींना गेले, अहमदाबाद ५,६२५ कोटींना.