सेरामपूर कॉलेज

पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, बराकपूरच्या समोर असलेले ख्रिस्ती महाविद्यालय. स्थापना १८१८. भारतातील अनेक प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांच्या (धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या) ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पदव्या ज्या सेनेटमार्फत, म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा पाहणाऱ्या मंडळामार्फत, दिल्या जातात, ती सेनेट याच कॉलेजच्या सनदेवर उभी आहे. गावाचे बंगाली नाव श्रीरामपूर. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे सेरामपूर हे रूढ रूप वापरले आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे गाव डॅनिश अमलाखाली होते व डॅनिश लोक त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्यांना राहू देत नसे. त्यामुळे १७९९ च्या ऑक्टोबरात आलेल्या जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी कलकत्त्याऐवजी येथे आश्रय घेतला. १७९३ पासून बंगालमध्ये असलेले विल्यम केरी १० जानेवारी १८०० रोजी त्यांना येऊन मिळाले. कॉलेजचे संस्थापक ते हेच. तिघेही बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि इंग्लंडमधील इव्हँजेलिकल पुनरुज्जीवनाच्या लाटेतून आलेले होते. बायबलचे प्रामाण्य, वैयक्तिक हृदयपालट आणि शुभवर्तमानाचा प्रसार यांवर त्या चळवळीचा भर असे.

मराठी वाचकाला केरी परिचित आहेत ते कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणाऱ्या, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे शिक्षक म्हणून. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी टायपातील मराठी–इंग्रजी कोश ही त्यांची कामे. या कामी त्यांना वैजनाथ शर्मा या पंडितांचे मोठे साहाय्य झाले. कोश नेमका किती केरींचा व किती पंडितांचा हा प्रश्न उरतोच; मुखपृष्ठावरील नावावरून तो सुटत नाही.

कॉलेजची योजना १५ जुलै १८१८ च्या माहितीपत्रकात मांडली गेली. तिचे शीर्षक ‘आशियाई ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय विज्ञान शिकविण्यासाठी कॉलेज’ अशा आशयाचे आहे. त्यात ईश्वरविज्ञान हा शब्द नाही, ‘इतर’ हा मात्र आहे. आरंभीच्या ३७ विद्यार्थ्यांपैकी १९ ख्रिस्ती होते. उरलेल्यांत बहुतेक हिंदू. संस्कृतला अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. ख्रिस्ती तरुणाने हिंदू शास्त्रे मुळातून वाचावीत, म्हणजे पंडितांपुढे तो उणा पडणार नाही, असा संस्थापकांचा हिशेब होता. संस्था मुळात पाळक (चर्चचे धर्मोपदेशक) घडविण्यासाठी निघाली आणि पुढे सर्वसाधारण कॉलेज झाली, असे काही मिशन-इतिहासकार मानतात. उलट पक्ष तिला प्रथमपासून उदार शिक्षणाची संस्था समजतो. पत्रकाच्या शब्दरचनेकडे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे शिक्षण हा हेतूही आरंभापासून होताच, हे विसरून चालणार नाही.

मुख्य इमारत नदीकडे तोंड करून आहे. आयोनिक शैलीच्या सहा स्तंभांची तिची देवडी दुरूनच नजरेत भरते. प्रत्येक स्तंभाचा तळाचा व्यास चार फुटांहून अधिक. जुन्या वर्णनात जिन्याचे दालन ९० फूट लांब, २७ फूट रुंद व ४७ फूट उंच दिले आहे. या दालनात ओतीव लोखंडाचे दोन जिने समोरासमोर चढतात. ते डेन्मार्कच्या राजाने भेट दिले असे सांगण्याची प्रथा आहे. जुने वर्णन ते बर्मिंगहॅमला घडविले एवढेच सांगते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पैसा राजाचा व ओतकाम इंग्रजी असणे अशक्य नाही.

कॉलेजच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त कागद म्हणजे डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याची २३ फेब्रुवारी १८२७ ची सनद. तिने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. यावरूनच ‘आशियातील पहिले विद्यापीठ’ असा उल्लेख अनेकदा होतो. तो टिकत नाही : मनिला येथील सांतो तोमास ही संस्था १६११ ची असून तिला विद्यापीठाचा दर्जा सतराव्या शतकातच मिळाला. भारतापुरते बोलायचे तर मुंबई, मद्रास व कलकत्ता विद्यापीठांच्या (१८५७) तीस वर्षे आधी पदवीदानाचा अधिकार सेरामपूरकडे होता, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र अधिकार असणे वेगळे आणि तो वापरणे वेगळे. सनदेनंतर पहिली पदवी दिली जाण्यास ८८ वर्षे लागली. शिवाय सनदेत पदवी ‘सायन्स’मधील प्रावीण्यासाठी म्हटली आहे आणि तिच्यामुळे डॅनिश राज्यात कोणताही विशेष दर्जा मिळणार नाही, असेही कलम आहे. तेव्हाच्या वापरात ‘सायन्स’ या शब्दाचा अर्थ एकंदर ज्ञानशाखा असा घेणे बहुधा योग्य ठरेल. केवळ भौतिकशास्त्रे असा अर्थ घेतला, तर पुढे ईश्वरविज्ञानाच्या पदव्या कोणत्या आधारावर दिल्या हे सांगणे कठीण होते. १८३३ च्या नियमावलीत जात, वर्ण वा देश यांवरून कोणासही प्रवेश नाकारला जाणार नाही, असे नमूद आहे.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर व तरंगमबाडी (त्रांकेबार) या वसाहती साडेबारा लाख रुपयांना कंपनीस विकल्या. तहाच्या सहाव्या कलमाने कॉलेजचे सनदी हक्क, जणू ब्रिटिश सरकारनेच दिले असावेत त्याप्रमाणे, चालू ठेवले. गाव विकले गेले, सनद राहिली, ती या एका कलमामुळे.

तोवर कॉलेजची घडी विस्कटली होती. वॉर्ड १८२३ मध्ये, केरी ९ जून १८३४ रोजी आणि मार्शमन १८३७ मध्ये वारले. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या व या तिघांच्या सेरामपूर मिशनचा पैसाही त्यांत गेला. १८२७ पासून मिशनची लंडनच्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी, म्हणजे मूळ संस्थेशी, फारकत होती. ती मार्शमन यांच्या मृत्यूच्या सुमारास मिटली. वादाचे मूळ मालमत्तेच्या मालकीत होते, पण हिंदू मुलांना भूगोल-खगोल शिकविण्यात वर्गणीदारांचा पैसा का घालावा, ही कुरकुरही त्यामागे होती. जोशुआ यांचे पुत्र जॉन क्लार्क मार्शमन यांनी १८५५ पर्यंत कॉलेज सांभाळले व नंतर ते सोसायटीकडे आले. १८५७ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले. पुढे जुनी कुरकुर वरचढ ठरली : १८८३ मध्ये महाविद्यालयीन वर्ग बंद झाले आणि धर्मप्रशिक्षणाची शाळा तेवढी उरली. सेरामपूर शब्दशः ‘धर्मशाळा’ झाले ते या वेळी; संस्थापकांच्या काळात नव्हे.

कॉलेजला पुन्हा उभे करण्याचे श्रेय ओरिसात काम केलेले प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांना दिले जाते. त्यांच्या कारकीर्दीत १९१० च्या सुमारास उच्च ईश्वरविज्ञानाचे वर्ग व लगोलग कला शाखा सुरू झाली, आणि १९१५ मध्ये पहिल्या बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदव्या दिल्या गेल्या. बंगाल विधिमंडळाच्या १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने कॉलेजचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलमध्ये बाप्टिस्टेतर पंथांना स्थान दिले व अभ्यासक्रम आणि परीक्षांसाठी सेनेट स्थापली. देशभरातील सेमिनऱ्या पुढे या सेनेटशी संलग्न झाल्या.

संलग्नतेबाबत इव्हँजेलिकल गोटात एकमत नव्हते. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा, म्हणजे इतर जुन्या ग्रंथांप्रमाणे त्याची केलेली छाननी, अभ्यासक्रमातून येते, हा मुख्य आक्षेप. पदवीला मिळणारी मान्यता हे मुख्य आकर्षण. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली व १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. स्पष्ट इव्हँजेलिकल भूमिका ठेवूनही तिने सेरामपूरची संलग्नता स्वीकारली.

कॉलेजात आज ईश्वरविज्ञानाबरोबर कला, विज्ञान व वाणिज्य शाखा असून या शाखांच्या पदव्या कलकत्ता विद्यापीठाच्या असतात. आवारातील केरी ग्रंथालयात मिशन छापखान्यातून निघालेली अनेक भारतीय भाषांतील बायबलची भाषांतरे जतन केलेली आहेत.