पुठ्ठा, ढोल आणि थ्रीडी चष्मा

स्ट्रीट डान्सच्या सिनेमांचा साचा आता पाठ झालाय. रिकामं गोदाम, घरच्यांचा विरोध, फुटलेला ग्रुप आणि शेवटी मोठी स्पर्धा. त्यातला खरा जीव मात्र बॅटलमध्ये असतो: समोरच्याची स्टेप उचलायची आणि तिच्यावर कडी करायची.

या हिशेबानं नाशिककरांना थोडी बढाई मारता येईल. 'राजा हरिश्चंद्र'नंतर दादासाहेब फाळके नाशिकला आले आणि १९१३ मध्ये त्यांनी इथे 'मोहिनी भस्मासुर' केला. गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची प्रत्येक मुद्रा उचलतो, आणि तिनं डोक्यावर हात ठेवल्यावर तोही ठेवतो. बॅटल संपली! मोहिनी होती जेमतेम तेरा वर्षांची कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले; पार्वती झाली तिची आई दुर्गाबाई. आदल्याच सिनेमात तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसावं लागलं होतं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची सातेक वर्षांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. सिनेमाच्या सुरुवातीलाच ही चिमुरडी चेहऱ्यावरचे भाव झरझर बदलून दाखवते. तरुण कलाकाराचं कसब हाच सिनेमाचा विषय, हे तेव्हापासूनचं.

रस्ता मात्र अमेरिकेतून आला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा, म्हणजे ब्रेक, तो लांबवत न्यायचा आणि पोरं त्यावर नाचायची. म्हणून ब्रेक डान्स. फूटपाथवर पुठ्ठा अंथरला की झालं स्टेज. लॉकिंग (नाचता नाचता मध्येच थबकणं) आणि पॉपिंग (स्नायूंना ठेक्यावर झटके देणं) हे नाच मात्र कॅलिफोर्नियातले. त्यांना सरसकट 'ब्रेक' म्हणायची सवय आपल्याला सिनेमांनी लावली.

१९८३ च्या 'फ्लॅशडान्स'मध्ये रॉक स्टेडी क्रू या ब्रेक डान्स ग्रुपची पोरं काही क्षणच दिसतात, पण तेवढ्यानं जगभर वेड पसरलं. गंमत म्हणजे नायिकेच्या शेवटच्या नाचातली पाठीवरची गिरकी विग घातलेल्या क्रेझी लेग्ज या मुलानं मारली आहे. पुढच्याच वर्षी 'ब्रेकिन' आणि 'बीट स्ट्रीट' आले. मग लाट ओसरली, ती परत उसळली २००६ च्या 'स्टेप अप'नंतर. नाच चकाचक झाला, पुठ्ठा गेला.

आपल्याकडे मधली जागा टीव्हीनं भरली. १९९६ मध्ये 'बूगी वूगी' सुरू झालं, २००९ मध्ये 'डान्स इंडिया डान्स'. त्या मंचावरची धर्मेश, पुनीत, सलमान ही मुलंच नृत्यदिग्दर्शक-दिग्दर्शक रेमो डिसूझानं २०१३ च्या 'एबीसीडी'त घेतली. प्रेक्षकांनी थ्रीडी चष्मे लावून ज्यांना पाहिलं ते खरे नाचणारे होते, हे या सिनेमाचं मोठं बळ. 'एबीसीडी २' (२०१५) तर नालासोपारा-वसईकडच्या सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांच्या ग्रुपवर बेतलेला. सुरेशच्याच 'द किंग्ज'नं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या टीव्ही स्पर्धेत दहा लाख डॉलर जिंकले. हा शेवट पटकथेत लिहिला असता तर फिल्मी वाटला असता. 'स्ट्रीट डान्सर' (२०२०) लंडनला गेला आणि माझ्या मते तिथेच रस्ता हरवला. नावात उरला तेवढाच.

नाशिकचा स्वतःचा रस्त्यावरचा नाच या सगळ्या सिनेमांच्या बाहेरच राहिला. नाशिक ढोल महाराष्ट्रभर वाजतो, गणपतीच्या मिरवणुकीत त्यावर नाचणाऱ्याला कुणी स्टेप शिकवत नाही, आणि तिथेही रिंगण होतं, एक जण मध्ये शिरतो, दुसरा त्याला बाजूला सारून आपलं काहीतरी करून दाखवतो. ब्राँक्समधली पोरं याला 'सायफर' म्हणतात. फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. त्याच्यासमोर असं रिंगण लावून कुणी कॅमेरा फिरवला, तर पुठ्ठाही लागणार नाही.