पेटरसन, वोल्फगांग

(१४ मार्च १९४१ – १२ ऑगस्ट २०२२). जर्मन चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शक. जन्म उत्तर जर्मनीतील एम्डेन या बंदराच्या गावी. मृत्यू लॉस अँजेलिस येथे. हँबर्गच्या रंगभूमीवर उमेदवारी केल्यावर १९६६ मध्ये पश्चिम बर्लिनच्या नव्या चित्रपट अकादमीत, तिच्या पहिल्याच तुकडीत, त्यांनी प्रवेश घेतला.

त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ काही जण ‘आइनर फोन उन्स बायडेन’ (१९७४) या चित्रपटगृहात लागलेल्या पहिल्या चित्रपटापासून मोजतात. तो १९७१ पासून मोजणे अधिक सयुक्तिक आहे. ‘टाटोर्ट’ या गुन्हेशोध मालिकेचा प्रत्येक भाग सुमारे ९० मिनिटांचा, स्वतंत्र कथेचा आणि एखाद्या प्रादेशिक केंद्राने निर्मिलेला असतो, म्हणजे व्यवहारात तो पूर्ण चित्रपटच. १९७१ ते १९७७ या काळात उत्तर जर्मन केंद्रासाठी पेटरसन यांनी इन्स्पेक्टर फिंके यांच्या तपासाचे सहा भाग दिग्दर्शित केले. त्यांपैकी नास्तास्या किन्स्की यांची भूमिका असलेला ‘राइफेत्सॉयग्निस’ (१९७७) सर्वाधिक गाजला. ‘स्मोग’ (१९७३) मध्ये रुहर खोऱ्यातील विषारी धुक्याची काल्पनिक आपत्ती बातमीपत्राच्या ढंगाने मांडली होती, आणि ती खरी समजून अनेक प्रेक्षक धास्तावले. समलिंगी प्रेमावरील ‘डी कॉन्सेक्वेन्त्स’ (१९७७) दाखवायला बव्हेरियाच्या केंद्राने नकार दिला.

१९७४ मध्ये पश्चिम जर्मनीची चित्रपटसाहाय्य संस्था आणि दूरचित्रवाणी केंद्रे यांच्यात करार झाला. केंद्रांनी निर्मितीत पैसा घालायचा, चित्रपटगृहांना आधी मुदत द्यायची आणि नंतर प्रक्षेपण करायचे, असे त्याचे स्वरूप होते. यातून दोन्ही पडद्यांवर जगणारा जो चित्रपट निघाला, त्याला निर्माते ग्युंटर रोरबाख यांनी ‘उभयचर’ म्हटले. या नावात काहींना चित्रपटकलेची तडजोड दिसते, तर काहींना जर्मन चित्रपटाचा प्राणवायू. पेटरसन यांचे काम पाहता दुसरे मत अधिक पटते.

याचे मोठे उदाहरण म्हणजे लोथार-ग्युंटर बुखहाइम यांच्या कादंबरीवरील, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीची कथा सांगणारा ‘दास बोट’ (१९८१). त्याच्या लांबीबद्दल संदर्भग्रंथांत घोळ आढळतो, कारण आवृत्त्या अनेक आहेत : चित्रपटगृहातील १४९ मिनिटांची, ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये सहा आणि पश्चिम जर्मनीत १९८५ मध्ये तीन भागांत दाखवलेली, सुमारे पाच तासांची मालिका, आणि १९९७ ची २०८ मिनिटांची दिग्दर्शकीय आवृत्ती. मालिकेतील प्रत्येक भागाआधीची उजळणी मोजली की आकडा फुगतो. शिवाय सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट युरोपीय दूरचित्रवाणीवर २५ च्या गतीने चालवला की तो सुमारे ४ टक्के लवकर संपतो. २०८ मिनिटांचे २०० होतात. त्यामुळे एखादी प्रत ‘कापलेली’ ठरवण्याआधी गती तपासावी. पाणबुडीवरचे दिवसांमागून दिवस चाललेले रिकामे थांबणे मालिकेतच पुरेसे उतरले आहे.

बहुतेक चित्रीकरण म्युनिकजवळच्या बव्हेरिया स्टुडिओत झाले. ‘सात-सी’ (VII C) या वर्गाच्या पाणबुडीचा अंतर्भाग मूळ मापाने उभारून हायड्रॉलिक मचाणावर बसवला होता. तो कलवून पाण्याखाली फुटणाऱ्या पाणबुडीविरोधी बाँबांचे हादरे आणि बुडी दाखवली. भिंती काढून कॅमेऱ्याला जागा करायची नाही, असे ठरले होते. चालत्या कॅमेऱ्याचे हादरे शोषणाऱ्या स्टेडिकॅमचा सांगाडा गोल दरवाजांतून जाईना. म्हणून छायालेखक योस्ट वाकानो यांनी हातातल्या छोट्या अ‍ॅरिफ्लेक्सला दोन जायरोस्कोप (फिरत्या चाकाने तोल राखणारी उपकरणे) जोडले आणि डोक्याला शिरस्त्राण व अंगाला गाद्या बांधून ते नटांमागे धावत सुटले. या उपकरणांचा आवाज इतका होता की संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागले. दृश्ये बव्हंशी कथेच्या क्रमानेच टिपली, त्यामुळे नटांच्या दाढ्या खरोखर वाढत गेल्या. मागचेपुढचे दृश्य मध्येच घेतले असते तर ते जुळवणे अशक्य झाले असते. चित्रपटाला सहा ऑस्कर नामांकने मिळाली. त्यांपैकी दिग्दर्शन व रूपांतरित पटकथा ही दोन पेटरसन यांची.

‘डी उनेंटलिशे गेशिश्टे’ (१९८४) वरून मूळ लेखक मिशाएल एंडे यांच्याशी त्यांचा वाद झाला. पुढे हॉलिवूडमध्ये ‘इन द लाइन ऑफ फायर’ (१९९३), ‘आउटब्रेक’ (१९९५), ‘एअर फोर्स वन’ (१९९७), ‘द पर्फेक्ट स्टॉर्म’ (२०००) आणि ‘ट्रॉय’ (२००४) हे चित्रपट झाले; ‘ट्रॉय’चीही २००७ मध्ये १९६ मिनिटांची दिग्दर्शकीय आवृत्ती निघाली. ‘पोसायडन’ (२००६) आपटल्यावर दहा वर्षे त्यांचा चित्रपट आला नाही. अखेरचा ‘फिअर गेगन डी बांक’ (२०१६) त्यांनी जर्मनीत केला. याच नावाचा दूरचित्रवाणी चित्रपट त्यांनी १९७६ मध्ये दिग्दर्शित केला होता.