क्रँक, एक्सल आणि बॉटम ब्रॅकेट : जुळणी कशी तपासायची, बसवायचं कसं

बॉटम ब्रॅकेट म्हणजे पेडलच्या दांड्यांना (क्रँकना) जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच. त्याच्या ज्या ऑर्डर आमच्याकडे परत येतात, त्यांतल्या बहुतेकांत वस्तू सदोष नसते, ती त्या सायकलची नसते. एक्सल क्रँकमध्ये शिरला आणि कप (बेअरिंग धरणारी कडी) शेलमध्ये (फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळीत) फिरला, म्हणजे भाग जुळले असं होत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: फ्रेमच्या शेलला कोणते कप चालतात, क्रँकला कोणता एक्सल लागतो, आणि दोन्ही बसल्यावर चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती) योग्य जागी येते का.

आधी शेल मोजा

जुना बॉटम ब्रॅकेट काढा, शेल आतून पुसून घ्या आणि व्हर्निअर कॅलिपरने रुंदी व आतला व्यास मोजा. पट्टीने घेतलेलं माप इथे उपयोगाचं नाही.

रुंदी ६८ किंवा ७३ मि.मी. आणि आट्यांवरून मोजलेला आतला व्यास ३३.६ ते ३३.९ मि.मी. असेल तर ते बीएसए नावाच्या मापाचे आटे. सर्वाधिक सायकलींत हेच असतात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. चेनच्या बाजूला उलटे आटे, डाव्या बाजूला सरळ. रुंदी ७० मि.मी. आणि व्यास ३४.६ ते ३४.९ असेल तर इटालियन. त्यात दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात आणि कप ३६ मि.मी.चा लागतो. इथे एक फसगत हमखास होते. बीएसए कपाचा बाहेरचा व्यासही ३४.६ ते ३४.९ मि.मी. असतो, म्हणजे इटालियन शेलच्या आतल्या मापाइतकाच. त्यामुळे आकडा सांगताना तो कपाचा की शेलचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

शेलला आटेच नसतील तर तो प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवायचा प्रकार. आतला व्यास ४१ मि.मी. आणि रुंदी ८६.५ मि.मी. असेल तर बीबी८६, व्यास ४२ असेल तर बीबी३०, ४६ असेल तर पीएफ३० किंवा त्याच्या जवळचा एखादा प्रकार. ४६ मि.मी. व्यासाचे शेल निरनिराळ्या रुंदीचे येतात, म्हणून रुंदी इथेही कळवाच.

चौकोनी एक्सल : सगळ्यात जास्त चुका इथे

चौकोनी टेपर एक्सलच्या चारही बाजू २ अंशांनी निमुळत्या असतात. जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) या दोन्ही प्रमाण मापांत हा कोन तोच, पण चौकोनाची जाडी वेगळी. शिमानो व तिच्या धर्तीवर केलेले बहुतेक क्रँक जेआयएस असतात, कँपाग्नोलोचे आयएसओ. डोळ्यांनी फरक कळत नाही, पण परिणाम मोठा होतो. २ अंशांच्या उतारावर दर मि.मी. लांबीमागे चौकोन सुमारे ०.०७ मि.मी.ने जाड होतो. म्हणजे जाडीत ०.१ मि.मी. फरक पडला की क्रँक जवळजवळ दीड मि.मी. आत किंवा बाहेर सरकतो.

आयएसओ क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर तो सुमारे ४.५ मि.मी. बाहेरच अडतो. पकड कमी मिळते आणि चेनलाइन बिघडते. उलट जोडी जास्त धोक्याची. जेआयएस क्रँक आयएसओ एक्सलवर तितकाच जास्त आत जातो, एक्सलचं टोक बोल्टच्या बैठकीपर्यंत पोचतं, आणि मग बोल्ट क्रँकला दाबायचं सोडून एक्सललाच दाबू लागतो. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) पूर्ण आकडा दाखवतं आणि क्रँक मात्र सैलच राहतो. खात्री करायची असेल तर बोल्ट पूर्ण आवळून पुन्हा काढा व आत पाहा. एक्सलचं टोक बोल्टच्या बैठकीपेक्षा निदान १ ते २ मि.मी. आत असायला हवं. तेवढी जागा नसेल तर ती जोडी वापरू नका. मध्ये वायसर घालून हा दोष जात नाही.

सैल क्रँकवर सायकल चालवत राहिल्यास पोलादी एक्सल अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमधलं चौकोनी छिद्र गोलसर करून टाकतो. तसं झाल्यावर नवा एक्सल घेऊनही उपयोग नाही, क्रँकच बदलावा लागतो.

एक्सलची लांबी आणि चेनलाइन

कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेले बंद बॉटम ब्रॅकेट) १०३, १०७, ११०, ११३, ११८, १२२.५, १२७.५ मि.मी. अशा लांबीत येतात. कोणती लांबी हवी ते क्रँक ठरवतो. म्हणून जुन्या एक्सलवरची लांबी नव्या क्रँकसाठी जशीच्या तशी मागवू नका.

चेनलाइन म्हणजे सीट ट्यूबच्या मध्यरेषेपासून चेनरिंगपर्यंतचं अंतर. एकच चेनरिंग असेल तर तिच्या दात्यांच्या मध्यापर्यंत मोजायचं, दोन असतील तर दोघींच्या मधोमध, तीन असतील तर मधलीपर्यंत. दोन चेनरिंगच्या रोड क्रँकला साधारण ४३.५ मि.मी., तीन चेनरिंगच्या रोड क्रँकला ४५, तीन चेनरिंगच्या माउंटन क्रँकला ४७.५ किंवा ५० मि.मी. अपेक्षित असते. एक्सल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर लांबीतल्या फरकाच्या निम्मा फरक चेनलाइनमध्ये पडतो. ११३ काढून १०७ घातला की चेनरिंग ३ मि.मी. आत येते. काही एक्सल चेनच्या बाजूला मुद्दाम लांब केलेले असतात, त्यांना हा निम्म्याचा हिशेब लागू होत नाही. लांबी कमी करण्याआधी चेनरिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यात किती जागा आहे ते पाहून ठेवा.

खाचांचे एक्सल

ऑक्टालिंक आणि आयसिस हे चौकोनाऐवजी खाचा असलेले एक्सल. ऑक्टालिंकला ८ खाचा, आयसिसला १०, त्यामुळे एकाचा क्रँक दुसऱ्यावर बसत नाही. ऑक्टालिंकमध्येही दोन प्रकार आहेत. पहिल्यातल्या खाचा ५ मि.मी. लांब, दुसऱ्यातल्या ९ मि.मी. हे दोन्ही प्रकारही अदलाबदल करता येत नाहीत. खाचा नीट जुळल्याची बोटांनी खात्री झाल्यावरच बोल्टला पाना लावा. तिरका बसलेला क्रँक पहिल्याच आवळण्यात खाचा कापून टाकतो.

बाहेरच्या बेअरिंगचे क्रँक

शिमानोच्या हॉलोटेक-२ प्रकारात २४ मि.मी.चा पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो. एसरामच्या जीएक्सपीचा एक्सल उजवीकडे २४ आणि डावीकडे २२ मि.मी., एसरामच्याच डब प्रकाराचा २८.९९ मि.मी. जीएक्सपी क्रँक शिमानोच्या कपात शिरतो, पण डाव्या बेअरिंगमध्ये २ मि.मी. मोकळा राहतो. डबचा एक्सल ३० मि.मी.च्या बेअरिंगमध्ये चालेल असं वाटतं, पण चालत नाही. ज्याचा एक्सल त्याचाच बॉटम ब्रॅकेट घ्या.

शिमानोच्या माउंटन क्रँकसोबत २.५ मि.मी.च्या वायसर येतात. पट्ट्याने बसणारा पुढचा डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणारा भाग) असताना ६८ मि.मी. शेलला उजवीकडे दोन व डावीकडे एक, ७३ मि.मी. शेलला फक्त उजवीकडे एक. दोन्ही शेलमध्ये रुंदी व वायसर मिळून बेरीज ७५.५ मि.मी. येते, ही ताळा करायची सोपी खूण. रोड क्रँक ६८ मि.मी. शेलवर वायसरशिवाय बसतो. ७३ मि.मी. शेलवर त्याचा एक्सल पुरत नाही.

काढणं

चौकोनी एक्सलचा क्रँक काढताना बोल्टसोबत आतला वायसरही बाहेर आला ना, हे पाहा. तो आत राहिला तर पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण आट्यांवर बसत नाही आणि क्रँकचे २२ मि.मी.चे आटे उपटून निघतात. पुलर हाताने शेवटपर्यंत फिरवा, मगच दांडा आवळा. ऑक्टालिंक व आयसिसच्या पोकळ एक्सलला पुलरचं टोक मोठं लागतं. छोटं टोक सरळ एक्सलच्या आत जाऊन रुतून बसतं.

बीएसए कपांची दिशा लक्षात ठेवायला असं: पाना वर उभा लावा. मागच्या चाकाकडे ढकलला की कप घट्ट होतो, पुढच्या चाकाकडे ढकलला की सैल. दोन्ही बाजूंना हाच नियम. इटालियन शेलला तो उजवीकडे लागू नाही.

बसवणं

१. शेलमधले आटे ब्रशने साफ करा. शेलच्या कडांवर रंगाचे थर असतील तर धातूच्या शेलची कडा कटरने सपाट करून घ्या. बाहेरच्या बेअरिंगला हे फार महत्त्वाचं आहे, कारण कप किंचित तिरका बसला तरी एक्सल दोन्ही बेअरिंगना सतत पिळत राहतो.

२. आट्यांना ग्रीस लावा आणि कप हाताने निदान तीन-चार फेरे फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके धरले आहेत. मागे घ्या, पुन्हा सुरुवात करा, पान्याने जबरदस्ती करू नका.

३. चौकोनी कार्ट्रिज ५० ते ७० न्यूटन मीटर टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा, बाहेरचे कप ३५ ते ५०.

४. चौकोनी क्रँकचा बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन मीटर. क्रँक तयार करणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. बोल्टच्या आट्यांना व डोक्याखाली ग्रीस हवंच. चौकोनी पृष्ठभाग आम्ही पुसून कोरडे ठेवतो, कारण ग्रीस असल्यास त्याच टॉर्कला क्रँक जास्त आत ओढला जातो.

५. हॉलोटेक-२ मध्ये आधी डाव्या टोकाची टोपी ०.७ ते १.५ न्यूटन मीटर, म्हणजे बोटांच्या जोराइतकीच. मग सुरक्षापट्टीची पिन एक्सलच्या भोकात बसवा आणि डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत न्या. टोपी जोरात आवळली तर बेअरिंगवर बाजूने दाब पडतो, क्रँक जड फिरतो आणि बेअरिंग लवकर जातं.

पहिल्या फेरीनंतर चौकोनी क्रँकचा बोल्ट एकदा त्याच टॉर्कला तपासा. त्यानंतर दर आठवड्याला आवळत बसू नका. दर वेळी क्रँक थोडा आणखी आत चढतो आणि शेवटी छिद्राच्या कोपऱ्यातून तडकतो.

नवीन जुळणीनंतरही पेडल मारताना कुरकुर येत असेल तर बॉटम ब्रॅकेट उघडण्याआधी पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि सीटपोस्ट साफ करून ग्रीस लावून पाहा. कार्बनची सीटपोस्ट असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. उभं राहून पेडल मारताना आवाज थांबत असेल तर तो सीटपोस्टचा किंवा सीटचा.