चोमोन यांचे विजेवर चालणारे हॉटेल

खुर्ची आपोआप सरकते, कपाटाचे दार उघडते आणि खाली ‘भानामतीचा पुरावा’ असे लिहिलेले असते, अशा चित्रफिती मोबाइलवर सतत फिरतात. सेगुंदो दे चोमोन यांनी हेच दृश्य १९०८ साली, कोणताही दैवी दावा न करता, लोकांना दाखवले होते. स्पेनमधील तेरुएल येथे १८७१ मध्ये जन्मलेले आणि पॅरिसच्या पाथे या चित्रपट कंपनीसाठी काम केलेले हे कॅमेरामन, जादुई चित्रपट बनवणारे फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांचे अनुकरण करणारे म्हणून मागे पडले, हा मला मोठा अन्याय वाटतो.

त्यांच्या ‘विजेचे हॉटेल’ या चित्रपटात सामान आपले आपण खोलीत जाते, ब्रश बुटांना पॉलिश करतो आणि पाहुण्या बाईचे केसही विंचरले जातात. ही भूमिका त्यांच्या पत्नी ज्युलिएन मात्यू यांनी केली होती. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. एका फेऱ्यात सहसा आठ चित्रे उमटत आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रे, असा वेग असे. वस्तू ‘जिवंत’ करायची तर एका वेळी एकच चित्र घ्यायचे, ब्रश सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे सरकवायचा, हात चौकटीबाहेर काढायचा आणि मगच पुढचे चित्र घ्यायचे. पडद्यावरच्या दहा सेकंदांसाठी हे १६० वेळा करावे लागते. बूट ठेवला तिथे राहतो. माणसाची मान मात्र मध्येच जराशी कलली, तरी पडद्यावर चेहरा थरथरू लागतो.

सुट्या स्थिर चित्रांतून हालचाल का दिसते, याचे स्पष्टीकरण शाळेत दृष्टिसातत्य म्हणून शिकवले जाते, पण ते अपुरे आहे. आधीची प्रतिमा डोळ्यात नुसती टिकून राहिली असती, तर चित्रे एकमेकींत मिसळून पुसट झाली असती. ब्रश आधी इथे आणि लगेच थोडा पुढे दिसला, की मधली हालचाल मेंदू स्वतः भरून काढतो. या आभासी गतीवर माक्स वेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मूलभूत संशोधन प्रसिद्ध केले. चोमोन तोपर्यंत तिचा वापर करून मोकळे झाले होते.

त्याच १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी मटारच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट घेऊन चित्रित केली. चोमोन दोन चौकटींच्या मध्ये वस्तू हाताने सरकवत. फाळके यांनी ते काम रोपावर सोपवले आणि कॅमेरा तेवढा जागचा हलू दिला नाही. ही चित्रफीत दाखवूनच त्यांनी आपल्या पहिल्या कथापटासाठी भांडवल मिळवले.